मी सांगितली नाहीत ती नावं

मला टीबी झाला होता.

हे चार शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. शंभर किलोचा गडी छातीवर बसला तरी मी पाठ टेकू दिली नाही कधी, पण हे चार शब्द तोंडातून काढताना माझी फाटत होती. आता हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलून झालं आहे. त्यामुळे लिहायला हरकत नाही.

मी कुस्तीचा कोच आहे. नागपुरात कामठी रोडला टिनाच्या एका शेडमध्ये आमचा हॉल आहे. तिथं माझ्याकडे प्राची मेश्राम नावाची सतरा वर्षांची मुलगी शिकत होती. ती टीबीनं गेली. तो तिला माझ्याकडून लागला. डॉक्टर म्हणतात, कोणाकडून कोणाला गेला हे असं खात्रीनं सांगता येत नाही. मी म्हटलं, तुम्हाला येत नसेल, मला येतं. तिच्या आईवडिलांना मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं. ते त्यांना सांगेपर्यंतची ही हकिकत आहे.

टीबीची लक्षणं, गोळ्यांची नावं, काय खायचं, काय नाही, ते सगळं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते तिथं वाचा. भिंतीवर जे लिहीत नाहीत, ते मी लिहितो.

वजन तोडणं

कॉलेजात होतो तेव्हा मी पासष्टच्या आसपास लढायचो. अंगानं मी बहात्तरचा. मग कुस्तीच्या आधी वजन तोडायचं. वजन तोडणं म्हणजे दोन-चार दिवसांत अंगातलं पाणी काढून खालच्या गटात बसायचं. मे महिन्याच्या उन्हात रेनकोट घालून पळायचो. लोक थांबून पाहायचे, म्हणायचे, हे भैताड कोण बाप्पा! रात्रीपर्यंत जीभ टाळूला चिकटायची. बर्फाचा खडा तोंडात धरायचा अन् पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. सकाळी काट्यावर उभं राहिलं की पोरं टाळ्या वाजवायची.

असं करून विद्यापीठाच्या टीममध्ये तीन वर्षं होतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकदा ब्राँझ आणलं. ते आईनं अजून टीव्हीच्या बाजूला टांगून ठेवलं आहे. शेवटच्या वर्षी उपांत्य फेरीत गुडघा असा फिरला की आवाज प्रेक्षकांना गेला. ऑपरेशन झालं. परत मॅटवर उतरलो, पण पाय भरवशाचा राहिला नाही. मी रडलो-बिडलो नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे महिनाभर रडलो.

मग बी.पी.एड. केलं, एका शाळेत पीटी शिकवायला लागलो आणि संध्याकाळी हॉल सुरू केला. शिकवण्यात मला लढण्यापेक्षा जास्त मजा यायला लागली, हे माझं मलाच नवल. पोरं आली, मग पोरी आल्या. पोरींचे बाप आधी दारात उभे राहून तासभर पाहायचे, मग आत येऊन म्हणायचे, "सर, तुमच्या भरवशावर सोडून राहिलो."

आमच्याकडे एक पद्धत होती. दर शनिवारी सगळ्यांचं वजन. एकेक जण काट्यावर चढायचं, आकडा मोठ्यानं सांगायचं. ज्याचं घटलं त्याला टाळ्या, ज्याचं वाढलं त्याला मॅटला वीस चकरा. ही पद्धत मीच काढली. मला तिचा फार अभिमान होता.

खोकला

त्या वर्षी दिवाळीनंतर मला खोकला लागला. मी म्हटलं, मॅटची धूळ. जुन्या मॅट, वर टिन, खिडक्या दोनच, त्याही थंडीत बंद. सगळेच खोकतात.

डिसेंबरात माझी पॅन्ट ढिली झाली. दहा वर्षांचं सुटलेलं पोट आपोआप आत गेलं. शनिवारी पोरांनी मलाच काट्यावर चढवलं. सहा किलो कमी! हॉलभर टाळ्या. प्राची सगळ्यात पुढं. ती म्हणाली, "सर, तुम्ही त हिरो दिसून राहिले. काय खाऊन राहिले, आमाले बी सांगा ना."

मी म्हणालो, "मेहनत वं पोरी, मेहनत."

काय मेहनत? संध्याकाळी अंगात कसकस असायची, रात्री बनियन घामानं भिजायचं. दुसरा कोणी माणूस असता तर घाबरला असता. मला वाटलं शरीर जुन्या लाइनीवर येऊन राहिलं. आयुष्यभर घाम निघाला की बरं, भूक मेली की बरं, काटा खाली आला की बरं, हेच शिकलो होतो. त्या तीन महिन्यांत मी रोज संध्याकाळी त्या बंद शेडमध्ये बावीस पोरापोरींच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन डाव शिकवत होतो.

तो दिवस

फेब्रुवारीत एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त पडलं. हिरड्यातलं असेल म्हणून मी नळ सोडला. परत खोकलो, परत पडलं. मागे बायको उभी होती. रेखा एरवी एका गोष्टीला दहा वाक्यं बोलते. त्या दिवशी फक्त म्हणाली, "चपला घाला."

सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. तिथला डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. फोटो उजेडात धरून म्हणाला, "टीबी आहे."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी रोज तीनशे बैठका मारतो."

तो म्हणाला, "टीबीला ते कोणी सांगितलं नाही वाटतं."

रेखा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला राग आला. आजाराचा नाही, या गोष्टीचा राग आला की बाहेर बाकावर लोक बसले आहेत आणि बाई मोठ्यानं रडते आहे. अजून पाच मिनिटं झाली नव्हती अन् मला लोकांची पडली होती. तेव्हाच कोणीतरी माझ्या कानाखाली जाळ काढायला पाहिजे होता.

यादी

रक्त पडत होतं म्हणून आठ दिवस भरती ठेवलं. दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याच्या एक बाई रजिस्टर घेऊन खाटेजवळ आल्या. तोंडाला मास्क, गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. माझ्या जवळ राहणाऱ्या सगळ्यांची नावं त्यांना पाहिजे होती, म्हणजे त्यांचीही तपासणी करता येईल.

"घरी कोण कोण आहे दादा?"

"बायको. आई."

"कामाच्या ठिकाणी?"

"शाळेत पीटी शिकवतो. मैदानावर, उघड्यावर."

"अजून कुठं उठणं-बसणं? बंद खोलीत वगैरे?"

मी त्यांच्या पेनाकडे पाहिलं. म्हणालो, "नाही."

त्यांनी रेघ ओढली, "काळजी करू नका, बरे व्हाल," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

एवढंच. अर्धं मिनिटही लागलं नसेल. हॉलचं नाव सांगितलं असतं तर बाई शेडवर गेल्या असत्या, बावीस घरी निरोप गेला असता, पोरींच्या आया म्हणाल्या असत्या की कोचलेच टीबी. पंधरा वर्षांत उभा केलेला हॉल आठ दिवसांत ओस पडला असता. मी हाच हिशेब केला. पोरांच्या छातीत काय गेलं असेल, हा हिशेब मी केला नाही. केला नाही म्हणजे काय, करायचा टाळला.

हॉलमध्ये निरोप दिला की सरांना कावीळ झाली. कावीळ कशी, इज्जतदार आजार आहे. लोक ऊस आणून देतात.

वॉर्ड

वॉर्डात सकाळी पाचला दिवे लागायचे, सहाला झाडू, सातला गोळ्या. लाल-नारंगी लघवी पहिल्यांदा पाहून मी ओरडलोच. बाजूच्या खाटेवर रामटेककडचे एक म्हातारे होते, धानाची शेती करणारे, देवाजीबुवा. ते पोट धरून हसले. म्हणाले, "पैलवान भेला! अरे, औषधाचा रंग हाये तो."

त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, गोळ्या केळ्यासोबत घेतल्या की मळमळत नाही. दुसरी, त्यांनी एकदा चांगलं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या होत्या आणि परत आले होते. ते म्हणाले, "आंगात जोर आहे म्हणून गोळी चुकवशीन त मरशीन. धानाले ऐनवेळी पाणी चुकलं का लोंबी पोचट. मंग कितीबी पाणी सोड." ते रोज माझ्या गोळ्या मोजायचे. त्यांना स्वतःला उठून बसता येत नव्हतं. मी घरी आलो त्यानंतर ते किती दिवस होते, मला माहीत नाही. मी चौकशीला गेलो नाही. माझ्या अशा न केलेल्या गोष्टींची रांग मोठी आहे.

घरी आईनं माझं ताट वेगळं केलं नाही. डॉक्टरनं काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "माह्या पोराचं ताट मी वेगळं नाही ठेवत, कोणी काही म्हणो." रेखानं मात्र खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, थंडीतही. तपासणी दोघींची झाली, दोघी ठीक निघाल्या. त्या दिवशी रेखानं पहिल्यांदा विचारलं.

"त्या बाईले हॉलचं काहून नाही सांगतलं जी तुम्ही?"

"सांगीन ना. जरा बरं वाटू दे."

"लोकाइच्या पोरी आहेत. आपली असती त?"

"नाही आहे ना आपली!" मी ओरडलो. आम्हाला मूलबाळ नाही. हे वाक्य मी कोणत्या तोंडानं बोललो, मला माहीत नाही. रेखा आत गेली अन् कुकर लावला. मग तो विषय तिनं काढला नाही आणि मी तर काढणारच नव्हतो.

गोळ्या मी एक दिवस चुकवल्या नाहीत. सहा महिने. शिस्तीचा माणूस ना मी.

प्राची

एप्रिलमध्ये मी हॉलवर परत गेलो. तोवर डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता माझ्यापासून कोणाला लागणार नाही. मी तेवढंच ऐकलं. आधी कोणाला लागून गेला असेल, ते विचारलं नाही.

पोरांनी माझ्यासाठी फुगे लावले होते. प्राचीनं खरंच ऊस आणला होता, कामठीहून, बापाच्या ऑटोत आडवा घालून. तिचे वडील गुलाबभाऊ कामठी-नागपूर शेअर ऑटो चालवायचे. संध्याकाळच्या फेरीत तिला दारात सोडायचे, हात वर करून "जय भीम सर" म्हणायचे अन् सवाऱ्या घेऊन पुढं जायचे. दोन तासांनी परत न्यायचे. चार वर्षं एक दिवस खाडा नाही.

पोरगी कशी होती सांगू? तोंडाची फटकळ. एकेरी पट असा काढायची की समोरचीला कळायचंच नाही आपला पाय कोणाच्या हातात आहे. हरली तर मॅटवरच बसून रडायची, जिंकली तर समोरचीला उठवून तिच्या पाठीची धूळ झटकायची. मी ओरडलो तर म्हणायची, "तुम्ही ओरडता तवा तुमची मिशी हालते सर, मले हासू येते." मी पंधरा वर्षांत पुष्कळ पोरं शिकवली. राज्याच्या पुढं जाईल अशी ही एकच होती.

ती त्रेपन्न किलोत लढायची. ऑगस्टमध्ये राज्याची निवड चाचणी होती आणि त्रेपन्नमध्ये दोन तगड्या पोरी होत्या. मी म्हणालो, पन्नासमध्ये ये. तीन किलो तोड.

जूनपासून तिचं वजन उतरायला लागलं. अन् कसं उतरलं! रेनकोट नाही, उपास नाही, तक्रार नाही. दर शनिवारी काटा थोडा खाली. टाळ्या. मी सगळ्यांना सांगायचो, "पाहा, याले म्हणतात जिद्द." ती हसायची अन् खोकायची. कोणी तरी म्हणायचं, धूळ झटका रे मॅटची.

जुलैच्या शेवटी मी तिला मानेवर दाब कसा द्यायचा ते दाखवत होतो. माझा तळहात तिच्या मानेवर पडला. मान तापलेली होती. सरावानं अंग गरम होतं ते मला कळतं, तीस वर्षं तेच हाताळतो आहे. हा तो गरमपणा नव्हता. संध्याकाळची ती कसकस माझ्या अंगात तीन महिने राहून गेली होती. मी ओळखली.

मी ओळखली. मला कळलं नाही असं मी आजपर्यंत स्वतःलाही म्हणू शकलो नाही.

मी हात काढला. म्हणालो, "ताप आहे काय वं?"

"थोडी कणकण आहे सर. होते अशी संध्याकाळी. सकाळी उतरते."

चाचणीला नऊ दिवस होते. दवाखान्यात नेली असती तर थुंकी तपासली असती, मग बाईंचं रजिस्टर आलं असतं, मग प्रश्न आले असते. मी मनात म्हणालो, चाचणी होऊ दे. दुसऱ्याच दिवशी नेतो. मोठ्यानं म्हणालो, "दोन दिवस आराम कर. हळदीचं दूध घे."

"आराम केला त वजन वाढन ना सर," ती म्हणाली.

चाचणी आणि नंतर

चाचणीच्या सकाळी काटा एकोणपन्नास सहाशे. तिनं माझ्याकडे पाहून दोन्ही मुठी वर केल्या. पहिली कुस्ती जिंकली, दुसरी जिंकली. तिसरीत दुसऱ्या मिनिटाला तिला धाप लागली आणि गुणांवर हरली. राखीव म्हणून नाव आलं. ती रडली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. नुसती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, डोकं दुखून राहिलं सर.

दुसऱ्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेणार होतो. नेलं नाही. तिची आई म्हणाली, थकली आहे, झोपू द्या. मी म्हटलं बरं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पाचव्या दिवशी ती उलट्या करत होती. सहाव्या दिवशी बापाला ओळखेना. गुलाबभाऊंनी ऑटोतूनच तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढत होते. टीबी मेंदूत गेला होता.

खाटेच्या एका बाजूला गुलाबभाऊ, एका बाजूला मी. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "घरात कोणाला टीबी होता का? किंवा जवळच्या कोणाला?"

गुलाबभाऊ म्हणाले, "नाही मॅडम. आमच्यात कोणालेच नाही."

डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

"कोच," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं. मी स्वतःला सांगितलं, औषध तर सुरू झालंच आहे, आता सांगून तिच्या इलाजात काय फरक पडणार? फरक खरंच पडला नसता. पण मी काही हा विचार करून गप्प बसलो नव्हतो. गप्प आधी बसलो, विचार नंतर सुचला.

नऊ दिवस प्राची त्या खाटेवर होती. शुद्धीवर यायची, जायची. एकदा मला पाहून म्हणाली, "सर, मॅट कोण झाडून राहिलं?" मी म्हटलं, मी झाडतो, तू बरी हो. दहाव्या दिवशी सकाळी ती गेली. तिच्या आईला, शोभाताईंना, आवरायला दोघी बायका लागल्या. गुलाबभाऊ नुसते उभे. मला म्हणाले, "सर, तुम्ही घरी जा, तुमची तब्येत नाजूक आहे, आत्ताच कावीळ होऊन गेली."

हॉलचं नाव

प्राचीच्या वडिलांनी मात्र यादी पूर्ण दिली. घर, शाळा, ऑटो, हॉल. आरोग्य खात्याची माणसं हॉलवर आली, बावीसच्या बावीस जणांची तपासणी झाली. अजून एका मुलीला निघाला. लवकर सापडला, ती आज ठणठणीत आहे. जे काम फेब्रुवारीत व्हायचं ते सप्टेंबरात झालं.

आणि लोक बोलायला लागले. मेश्रामच्या पोरीनं हॉलमध्ये टीबी आणला. कामठीच्या त्या पोरीपायी आमच्या पोराला तपासणीला जावं लागलं. हे माझ्यासमोर बोलायचे. मी शिट्टी वाजवून सराव सुरू करायचो.

रेखाला सगळं माहीत होतं. प्राची गेली त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवण वाढलं आहे. गॅस संपला आहे. एकदा मी म्हटलं, "बोल ना काही. शिव्या दे." तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मले नका मागू शिव्या. ज्याइले द्यायच्या आहेत त्याइच्या घरी जा."

मी गेलो नाही. पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी बरा झाल्याचा कागद मिळाला, तो मी कपाटात ठेवला.

मग मार्चमध्ये एका संध्याकाळी गुलाबभाऊ स्वतः हॉलवर आले. ऑटो नव्हता, पायी आले होते. दाढी वाढलेली. दारात चपला काढल्या आणि हात जोडले.

"सर, माह्या पोरीपायी तुमच्या हॉलचं नाव खराब झालं. लय दिवसाचं मनात होतं, याची हिंमत नाही झाली. माफ करा मले."

मी म्हटलं, "गुलाबभाऊ, असं काय बोलता!"

"नाही सर, चूक माहीच आहे. मी तिले रोज सवाऱ्याइच्या मधात बसवत होतो. बाजूले कोण खोकलते, कोण थुकते, मी पाह्यलंच नाही कधी. माह्या ऑटोतूनच लागलं तिले. मी ऑटो सोडला सर. हात नाही लागत हँडलले. इतवारीच्या बाजारात पोते उचलतो आता."

त्यांनी परत हात जोडले आणि गेले. मी तिथंच मॅटवर बसलो. पोरं विचारत होती, सर काय झालं. मी सांगितलं, आज सुट्टी, घरी जा. घरी येऊन मी रेखाला म्हटलं, उद्या सकाळी कामठीला जातो. ती म्हणाली, "मी बी येते." मी म्हटलं, नको, एकटाच जातो. तिनं डोक्यावरून हात फिरवला माझ्या. सात महिन्यांनी.

कामठी

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली प्राचीचा, तिच्या सगळ्या मेडलसकट. शोभाताई जमिनीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला पाहून पदर सावरून उठायला लागल्या. मी म्हटलं, बसा ताई. गुलाबभाऊ कामावर निघत होते, ते थांबले.

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो. कावीळ नव्हती, टीबी होता. तीन महिने खोकत शिकवत होतो. बाईंनी नावं विचारली, मी हॉल सांगितला नाही. प्राचीची मान तापलेली मी ओळखली होती, तरी चाचणीसाठी थांबलो. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं तेव्हा मी तुमच्या बाजूलाच उभा होतो. तुमच्या ऑटोचा काही संबंध नाही गुलाबभाऊ. तुमची काही चूक नाही.

गुलाबभाऊंनी विचारलं, "तुमाले कधीपासून माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून."

ते बोटांवर मोजायला लागले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. ऑगस्टपर्यंत मोजलं आणि त्या बोटावर थांबले. मी मार खायची तयारी करून गेलो होतो. मला तो पाहिजेही होता. ते उठले, बाहेर नळावर गेले आणि नळ सुरू करून तसेच उभे राहिले. पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी हात पुढं केलेच नाहीत.

शोभाताईंचा हात सुपात होता. त्यांनी विचारलं, "तुम्हाले कोणतं औषध देलं होतं सर?"

"तेच. सरकारी. फुकट मिळतं ते."

"अन् तुम्ही बरे झाले?"

"हो ताई."

"मंग माही पोरगी काहून नाही झाली?"

त्या मला टोचून बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. सात महिने हा प्रश्न त्यांना पडला असेल आणि विचारायला कोणी भेटलं नसेल.

मी म्हणालो, "माझा लवकर सापडला. तिचा मी सापडू दिला नाही."

"मंग तुम्ही हॉलचं काहून नाही सांगतलं त्या बाईले?"

"भ्यालो ताई. लोकांना कळलं असतं. हॉल बंद पडला असता."

त्यांनी मान हलवली. सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आमाले तरी सांगाचं होतं सर. आम्ही तिले गुपचूप दवाखान्यात नेलं असतं. तुमचं नाव कोणालेच नसतं सांगतलं."